टेस्ट काही मिनिटांची, लायसन्स २२ वर्षांचं! अठरा पूर्ण झालेल्यांना पक्कं लायसन्स नेमकं कसं मिळतं?

घरातल्या पोराचा किंवा पोरीचा अठरावा वाढदिवस झाला की दोन कामं निघतात. एक मतदार यादीत नाव घालायचं आणि दुसरं लायसन्स काढायचं. पहिल्या कामाची घाई कुणालाच नसते. दुसऱ्याची चर्चा मात्र केक कापायच्या आधीच सुरू झालेली असते. "ओळखीचा एजंट आहे, दोन दिवसांत काम होईल," असं सांगणारे एक काका प्रत्येक घराला असतातच.

आणि काम होतंही. त्यामुळेच बहुतेकांना लायसन्स म्हणजे एक सरकारी कागद वाटतो. आधार काढलं, पॅन काढलं, तसं लायसन्स काढलं. ड्रायव्हिंग टेस्ट म्हणजे त्या कागदासाठी आरटीओत मारावी लागणारी एक चक्कर.

पण एक हिशेब सहसा कुणी करत नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर तिशीच्या आत खासगी गाडीचं लायसन्स काढणाऱ्याला ते थेट वयाच्या चाळिशीपर्यंत मिळतं. म्हणजे अठराव्या वर्षी टेस्ट दिली की पुढची २२ वर्षं कुणी काही विचारत नाही. चाळिशीत नूतनीकरण वेळेत केलं तर तेव्हाही गाडी चालवून दाखवावी लागत नाही. मुदत संपून एक वर्षाहून जास्त काळ गेला, तरच पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

थोडक्यात, अठराव्या वर्षी आरटीओच्या ट्रॅकवर जी काही मिनिटं जातात, ती बऱ्याच जणांच्या आयुष्यातली एकमेव ड्रायव्हिंग टेस्ट असते. एवढी एकच परीक्षा, तीही एजंटच्या भरवशावर उरकायची का, हा खरा प्रश्न आहे.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं म्हणतात, ते काय आहे?

हा गैरसमज अर्धा खरा आहे, म्हणूनच तो टिकून आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ४ सांगतं की १८ वर्षांखालच्या कुणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायचं नाही. त्याला एक अपवाद ठेवला आहे. इंजिन ५० सीसीपर्यंतचं असेल, तर अशी गिअर नसलेली दुचाकी सोळा पूर्ण झाल्यावर चालवता येते. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते.

कायदा झाला त्या काळात या अपवादाला अर्थ होता. १९७२ मध्ये कायनेटिकची लूना आली आणि पुण्या-नगरपासून तालुक्याच्या गावापर्यंत कॉलेजच्या पोरांच्या हातात ५० सीसीच्या मोपेड दिसू लागल्या. आज शोरूममध्ये जाऊन ५० सीसीची स्कूटर मागा, विक्रेता तोंडाकडे बघत राहील. कॉलेजच्या पार्किंगमध्ये ज्या स्कूटर दिसतात त्या ११० किंवा १२५ सीसीच्या. त्या चालवायला अठरा पूर्ण लागतात, गिअर असो वा नसो. म्हणजे सोळाव्या वर्षीचं लायसन्स कायद्यात आहे, पण ते ज्या गाडीसाठी आहे ती गाडीच बाजारातून जवळपास गेली.

इलेक्ट्रिक स्कूटरचं काय? मोटार २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर नियमांनुसार तिला मोटार वाहन मानलं जात नाही. तिला लायसन्सही लागत नाही. पण याच्या वरची प्रत्येक इलेक्ट्रिक स्कूटर ही मोटार वाहनच आहे. वेगाची मर्यादा काढून टाकून ४०-४५ ने पळवली जाणारी "लायसन्स नको" वाली स्कूटरही त्यातच आली.

अठराच्या आधी पकडलं गेलं तर?

१९ मे २०२४ ला पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये एका आलिशान मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याला जामीन मिळाला आणि देशभर संताप उसळला. त्या गदारोळात कायद्यातलं एक कलम बऱ्याच पालकांनी पहिल्यांदा ऐकलं. ते कलम १९९ अ.

२०१९ च्या दुरुस्तीत आलेलं हे कलम सांगतं, की अल्पवयीन मुलाने या कायद्याखालचा गुन्हा केला तर दोषी धरला जाईल तो त्याचा पालक किंवा गाडीचा मालक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. "मला माहीतच नव्हतं" असं म्हणता येतं, पण ते सिद्ध करायची जबाबदारी पालकाची किंवा मालकाची. किल्ली रोज टीव्हीशेजारच्या खुंटीला लटकत असेल, तर ते सिद्ध करणं किती सोपं जाईल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

याच कलमातली एक तरतूद पोरांच्या कानावर घालण्यासारखी आहे. अल्पवयात असा गुन्हा घडला, तर त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. लर्निंगही नाही. सतराव्या वर्षी क्लासला उशीर झाला म्हणून वडिलांची गाडी काढली आणि सापडलो, तर मित्र अठराव्या वर्षी ट्रॅकवर जातील आणि आपण आणखी सात वर्षं मागच्या सीटवर बसू.

"आता आरटीओत टेस्टच द्यावी लागत नाही" हा मेसेज खरा आहे का?

२०२४ च्या मे महिन्यात हा मेसेज जवळपास प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरला. १ जूनपासून ड्रायव्हिंग स्कूलच टेस्ट घेणार, आरटीओत जायची गरज नाही, असं त्यात म्हटलं होतं. अखेर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की १ जून २०२४ पासून असा कुठलाही बदल होत नाहीये.

मेसेजमागे खरी गोष्ट एवढीच होती. जून २०२१ मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम काढले आणि ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. जागा, ट्रॅक, सिम्युलेटर, प्रशिक्षक अशा बऱ्याच अटी पूर्ण करणाऱ्या केंद्राला ही मान्यता मिळते. तिथे हलक्या मोटार वाहनाचा कोर्स २९ तासांचा असतो आणि जास्तीत जास्त चार आठवड्यांत पूर्ण करायचा असतो. तो पास होणाऱ्याला फॉर्म ५ ब हे प्रमाणपत्र मिळतं आणि आरटीओच्या टेस्टमधून सूट मिळते.

चौकातल्या साध्या ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म ५. त्याने सूट मिळत नाही. फरक एका अक्षराचा आहे आणि नेमका तिथेच गोंधळ उडतो. "आमच्याकडे शिका, टेस्ट माफ" असं कुणी सांगितलं, तर फॉर्म ५ ब मिळणार का, एवढा एकच प्रश्न विचारावा. मान्यताप्राप्त केंद्रं अजून मोजकीच असल्याने बहुतेकांना आरटीओचा रस्ता चुकत नाही.

लर्निंग ते पक्कं: तारखांचा हिशेब

आधी लर्निंग लायसन्स. अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर करायचा. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या आधारे लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा, नाहीतर ओटीपीपाशीच गाडी अडते. प्रश्न वाहतूक चिन्हांचे आणि नियमांचे असतात आणि पास व्हायला किमान ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात.

घरबसल्या परीक्षेची दुसरी बाजूही आहे. उत्तरं पोरगा देतोय की शेजारी बसलेला कुणी, हे कोण बघणार? अनेक ठिकाणी सायबर कॅफेवालाच "तू बस, मी करतो" म्हणतो. परिणामी हातात लर्निंग असलेल्या मुलाला "थांबा" आणि "रस्ता द्या" या चिन्हांतला फरक ठाऊक नसतो.

लर्निंगची मुदत सहा महिने. आणि ते मिळाल्यापासून किमान ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. म्हणजे टेस्टसाठी हातात साधारण पाच महिने असतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण अठराव्या वर्षीचं कॅलेंडर भलतंच गच्च असतं.

समजा बारावीतल्या मुलीचा वाढदिवस १० ऑगस्टला आहे आणि १८ ऑगस्टला तिला लर्निंग मिळालं. टेस्ट १७ सप्टेंबरच्या सुमारास देता येईल आणि लर्निंग संपेल फेब्रुवारीच्या मध्याला. त्याच सुमारास बोर्डाची परीक्षा. जानेवारीत सराव परीक्षा आणि प्रॅक्टिकल. म्हणजे खरोखर मोकळा वेळ म्हणजे नवरात्रापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा. तो हुकला तर लर्निंग बाद, पुन्हा नवा अर्ज, पुन्हा फी. मे महिन्यात करू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की मे महिन्यात सगळा महाराष्ट्र हेच करत असतो.

टेस्टची तारीखही सारथीवरच निवडायची असते. प्रत्येक कार्यालयाचा दिवसाचा कोटा ठरलेला असतो आणि मोठ्या शहरांत पुढच्या अनेक दिवसांच्या जागा भरलेल्या दिसतात. त्यामुळे ३० दिवस संपल्यावर स्लॉट शोधायला बसू नये. महिना पूर्ण होत आला की कॅलेंडर उघडून बघायला लागावं. स्लॉट दिसत नाही म्हटल्यावर एजंटकडे धाव घेतली जाते. एजंटकडे वेगळं काही जादूचं पोर्टल नसतं, तोही याच संकेतस्थळावर जातो. फक्त तो रोज जातो.

खर्चाचं बोलायचं तर केंद्राच्या नियमांत लर्निंगचे प्रत्येक प्रकाराला १५० रुपये, टेस्टचे प्रत्येक प्रकाराला ३०० रुपये आणि लायसन्सचे २०० रुपये असे दर आहेत. त्यावर परीक्षा शुल्क, पोस्टाचा खर्च वगैरे. तरीही सगळं मिळून जेवढं होतं, त्याच्या कितीतरी पट रक्कम एजंटला दिली जाते. ती रक्कम रांग टाळण्यासाठी देतो असं लोक म्हणतात. पण टेस्टच्या दिवशी उमेदवाराला स्वतः जावंच लागतं, मग रांग टळली कुठे?

दुचाकीचं कुठलं लायसन्स काढायचं?

अर्ज भरताना इथे चूक फार होते. गिअर नसलेली दुचाकी आणि गिअर असलेली दुचाकी हे दोन वेगळे प्रकार आहेत. घरात स्कूटर आहे म्हणून मुलं बिनगिअरचा प्रकार निवडतात, स्कूटरवर टेस्ट देतात आणि पुढच्या वर्षी हॉस्टेलवर मित्राची बाईक पळवतात. कायद्याच्या नजरेत त्या बाईकवर ते विनापरवाना असतात.

उलट बाजूने मात्र सवलत आहे. गिअरच्या दुचाकीवर टेस्ट पास झाली, तर बिनगिअरचीही पास झाली असं कायदाच मानतो. बाईक येत असेल किंवा महिनाभरात येण्यासारखी असेल, तर गिअरचा प्रकार घेणं शहाणपणाचं. चारचाकीत असा पेच नाही. हलकं मोटार वाहन या प्रकारात ऑटोमॅटिक आणि गिअरची असे वेगळे वर्ग नाहीत. दुचाकी आणि चारचाकी दोन्ही एकाच अर्जात टाकता येतात, फी मात्र प्रकारानुसार लागते आणि टेस्ट दोन्हीची होते.

मधल्या महिन्यात काय करायचं असतं?

सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. कायदा ३० दिवस थांबायला सांगतो, पण त्या ३० दिवसांत किती तास गाडी चालवायची, हे कुठेही सांगत नाही. शून्य तास चालवूनही माणूस टेस्टला उभा राहू शकतो.

अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विचारा. तिथे साडेपंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळू शकतो, पण अठराखालच्या मुलाला तो किमान सहा महिने बाळगावा लागतो. त्या काळात ५० तास गाडी चालवायची, त्यातले १० तास रात्री, आणि ते झाल्याचं पालकाने सही करून सांगायचं. टेस्ट पास झाली तरी पहिले १२ महिने रात्री ११ ते पहाटे ५ एकट्याने गाडी चालवायला बंदी आणि २० वर्षांखालच्या मित्रांना गाडीत बसवायलाही बंदी. कारण साधं आहे. नवखा चालक, रात्र आणि गाडीत मित्रांचा दंगा हे तिन्ही एकत्र आले की धोका वाढतो. म्हणून तिथे परवाना टप्प्याटप्प्याने दिला जातो.

आपल्याकडे टप्पे नाहीत. टेस्ट झाली त्याच संध्याकाळी चार मित्रांना घेऊन लोणावळ्याला निघायला कायद्याची काहीच हरकत नसते. म्हणून मधला महिना वापरायची जबाबदारी घरावर येते. ५० तास जमले नाहीत तरी रोज पाऊण तास धरला तर महिन्यात वीसेक तास होतात. ड्रायव्हिंग स्कूलवाले सकाळी रिकाम्या रस्त्यावर शिकवतात. घरच्यांनी मग संध्याकाळची मंडई, पावसातला रस्ता, समोरून येणाऱ्या अप्परमधली रात्र आणि घाटाचा चढ दाखवावा.

मात्र लर्निंगवर चालवण्याच्याही अटी आहेत. शेजारी त्या प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि ती गाडीवर ताबा मिळवू शकेल किंवा गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगातलं इंग्रजी एल अक्षर हवं, पाटी १८ सेंटिमीटरची. दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला मागे बसवता येत नाही. म्हणजे लर्निंगवाल्या मित्राच्या मागे लर्निंगवाला मित्र, हे चित्र कॉलेजबाहेर रोज दिसत असलं तरी बेकायदा आहे.

या अटी नुसत्या पावतीपुरत्या नाहीत. गाडीच्या विमा पॉलिसीत चालकाविषयीचं एक कलम असतं. लर्निंगवाला चालक चालतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ३ च्या, म्हणजे वरच्याच अटी पाळलेल्या असल्या तरच. पोरगा एकटाच गाडी घेऊन गेला आणि कुणाला उडवलं, तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. चालकाकडे वैध परवाना नसल्याच्या प्रकरणांत न्यायालयं अनेकदा कंपनीला जखमीची भरपाई द्यायला लावतात आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभाही देतात. अपघाताच्या भरपाईचे आकडे लाखांत जातात. घर विकायची पाळी येते ती अशा वेळी.

टेस्टच्या दिवशी काय होतं?

गाडी आपली आपण न्यायची असते, आरटीओ देत नाही. त्या गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी चालू हवं. सोबत लर्निंग लायसन्स, अर्जाची आणि स्लॉटची प्रिंट. दुचाकीला हेल्मेट हवंच. दरवर्षी काही जण हेल्मेट न घालता टेस्टला येतात आणि मग रांगेतल्या अनोळखी माणसाकडे उसनं मागतात. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेल्या ५० हजारांहून जास्त जणांचा रस्त्यावर मृत्यू झाला, असं मंत्रालयाचा अहवाल सांगतो.

दुचाकीला आठ काढावा लागतो. हा आठ इंग्रजीतला, दोन गोल एकमेकांना चिकटलेले. मराठीतला ८ असता तर एका वळणात काम झालं असतं. पाय टेकला की गुण गेले, रेषेबाहेर गेलं की गेले. यात वेग उपयोगाचा नसतो, उलट जितकं हळू तितकं तोल सांभाळणं कळतं. नजर पुढच्या चाकावर ठेवली तर गाडी डुलते, वळणाच्या टोकाकडे ठेवली तर आपोआप वळते. मोकळ्या मैदानात चार विटा ठेवून आठवडाभर सराव केला की पुरतं.

चारचाकीला कुठे काय घेतात, यात कार्यालयागणिक फरक पडतो. पुण्यात चारचाकीची टेस्ट भोसरीच्या नाशिक फाट्याजवळच्या संगणकीकृत ट्रॅकवर होते. अशा स्वयंचलित ट्रॅकवर सेन्सर आणि कॅमेरे असतात. पुढे जाताना वळणं, रिव्हर्समध्ये वळणं, चढावर थांबून पुन्हा निघणं, असे प्रकार असतात. चाक कडेला लागलं, गाडी मागे घरंगळली, की यंत्रात नोंद होते आणि तिथे कुणाची ओळख चालत नाही. मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती रिव्हर्समध्ये आणि चढावर. कारण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा दिवस गाडी फक्त पुढेच गेलेली असते. चढावर हँडब्रेक ओढायचा, हाफ क्लचवर गाडी थरथरली की मग हँडब्रेक सोडायचा. हे एवढंच जमवायला तीन-चार संध्याकाळी द्याव्यात.

साध्या मैदानावर किंवा आरटीओच्या आवारात टेस्ट असेल, तर मोटार वाहन निरीक्षक बघतात. नियमांतली यादी मोठी आहे. आरसे नीट करणं, हाताच्या खुणा, ओव्हरटेक, चौकात वळणं, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर कसं वागावं, अचानक थांबणं, असं बरंच काही त्यात आहे. पण दिवसभरात मोठी रांग संपवायची असते आणि रहदारी नसलेल्या आवारात ओव्हरटेक कशाला दाखवणार? त्यामुळे प्रत्यक्षात तपासलं जातं ते यादीपेक्षा बरंच कमी. कुठे कुठे ड्रायव्हिंग स्कूलच्या डबल कंट्रोलच्या गाडीत मास्तर शेजारी बसलेले असतात आणि क्लच-ब्रेक तेच दाबतात. पोरगं स्टिअरिंग धरून बसतं आणि पास होतं. घरी पेढे येतात.

शक्य असेल तर टेस्ट त्याच गाडीवर द्यावी जिच्यावर सराव केला आहे. क्लच कुठे सुटतो हे पायाला माहीत असतं. सीट, आरसा, बेल्ट हे गाडी सुरू करायच्या आधी, निरीक्षकांनी न सांगता करावं. वळायच्या आधी इंडिकेटर द्यावा आणि वळल्यावर बंद झाला का बघावं.

नापास झालं तर?

काही आभाळ कोसळत नाही. सात दिवसांनंतर पुन्हा टेस्ट देता येते, स्लॉट आणि फी मात्र पुन्हा. तीनदा नापास झालं तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार सुधारणेसाठीचं प्रशिक्षणही पूर्ण करावं लागतं. लर्निंगची मुदत मात्र या काळात चालूच राहते. म्हणून पहिली टेस्ट पाचव्या महिन्यात ठेवणं धोक्याचं, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ठेवली तर चुकायला जागा राहते.

आपल्याकडे लायसन्सच्या टेस्टला नापास होणं लाजिरवाणं मानतात, "साधा आठ काढता आला नाही" म्हणून चिडवतात. पण रिव्हर्स येत नाही म्हणून थांबवलेला मुलगा आणखी एक आठवडा रिव्हर्स शिकतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये लहान मुलं खेळत असतात, तिथे तो आठवडा कामी येतो.

पास झाल्यावर

लायसन्सचं कार्ड पोस्टाने घरी येतं. त्यामुळे अर्जातला पत्ता आणि पिनकोड नीट तपासावा, कारण परत गेलेलं पाकीट मिळवायला पुन्हा आरटीओच गाठावं लागतं. कार्ड येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दिसणारं लायसन्स वाहतूक पोलिसांना दाखवता येतं, नियमांनुसार ते ग्राह्य आहे. स्क्रीनशॉट मात्र चालत नाही, ॲपमध्येच उघडून दाखवावं लागतं. आणि "तुमचं लायसन्स तयार आहे, इथे क्लिक करा" असा मेसेज अनोळखी नंबरवरून एखाद्या फाइलसह आला, तर ती उघडू नये. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता जीओव्ही डॉट इन असा संपतो.

कार्ड हातात आलं की सगळे आधी फोटो बघून हसतात. त्याआधी गाडीच्या प्रकाराचा रकाना बघावा. दुचाकी गिअरची आली आहे की बिनगिअरची, चारचाकी आली आहे की नाही. चूक असेल तर लगेच कार्यालयाला कळवावं. नाहीतर ती चूक लक्षात येते ती थेट नाकाबंदीत किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी.